वहीत नसलेले नाव

नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण जिवंत असल्याचे बँकेला सांगावे लागते, आणि आईचा अंगठा आता यंत्राला नीट ओळखू येत नाही, म्हणून मी तिच्यासोबत जातो. वयाने रेषा पुसट झाल्या आहेत. ओल्या रुमालाने अंगठा पुसायचा, काचेवर टेकवायचा, लाल दिवा लागला की पुन्हा पुसायचा, असे बराच वेळ चालते. या वेळी आमच्या पुढे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची फाईल, तिच्यात अनेकदा काढून पुन्हा घडी घातल्याने मऊ पडलेले कागद. त्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्याच नव्हत्या. त्यांच्या पतीच्या खात्यात थोडे पैसे अडकले होते, आणि पती काही वर्षांपूर्वी कामासाठी परगावी गेले ते परतलेच नव्हते. काउंटरवरचा मुलगा तरुण होता, उर्मट मुळीच नव्हता. त्याने शांतपणे सांगितले, "काकू, एक तर त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर त्यांना घेऊन या." बाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातलं एक जरी जमलं असतं, तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

त्या निघून गेल्या आणि आईच्या अंगठ्याला एकदाचा हिरवा दिवा लागला. पण तो मुलगा मनातून जाईना, कारण त्याचे काही चुकले नव्हते. त्याच्यासमोरच्या अर्जात दोनच रकाने होते आणि माणूस त्यांपैकी एकात बसणे भाग होते. त्या बाईंच्या पतीला निदान कोणी नेले नव्हते. ते स्वतःच्या पायांनी गेले होते, आणि पुढे काय झाले हे खरोखरच कोणाला ठाऊक नसावे. मला अस्वस्थ करत होता तो वेगळाच विचार. नेणारा कोण, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, नेल्याचा दिवस ठाऊक आहे, नेताना पाहणारे साक्षीदार आहेत, आणि तरीही नेणारा सांगतो की असा माणूस आमच्याकडे आलाच नव्हता, अशा माणसाच्या घरच्यांनी कोणत्या काउंटरवर जावे?

हा प्रश्न मनात आला की मला टी. व्ही. ईच्चर वारियर आठवतात. कोळिकोडच्या सरकारी महाविद्यालयात हिंदी शिकवणारे हे प्राध्यापक. त्यांचा मुलगा पी. राजन तिथल्याच प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता. तो गाणारा मुलगा होता. १९७६च्या फेब्रुवारीच्या अखेरीस युवक महोत्सवाहून मुले वसतिगृहावर परतली, आणि १ मार्चच्या पहाटे पोलिसांनी राजनला आणि जोसेफ चाली या दुसऱ्या विद्यार्थ्याला उचलले. त्याच सुमारास कायण्णा गावच्या पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला होता आणि जिल्ह्यात धरपकड चालू होती. राजनला नेमके का उचलले याच्या अनेक कहाण्या केरळात सांगितल्या जातात, पण मला त्या कहाण्यांचे फारसे वाटत नाही. कारण कोणतेही असले, तरी त्यानंतर जे झाले ते कोणत्याच कारणाने समर्थनीय ठरत नाही.

महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी एक साधे काम केले, ज्याचे महत्त्व मला फार उशिरा उमगले. त्यांनी वडिलांना नोंदणीकृत टपालाने पत्र लिहिले की तुमच्या मुलाला १ मार्चच्या पहाटे पोलिसांनी नेले आहे. आणीबाणी ऐन भरात असताना एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राचार्याने स्वतःच्या सहीने हे वाक्य कागदावर उतरवले. या साऱ्या प्रकरणात पुढे कितीतरी मोठ्या माणसांना हे एक वाक्य लिहिता किंवा बोलता आले नाही. पत्र वाचून वडील धावत निघाले, तेव्हा ज्याला शोधायचे तो बहुधा उरलाही नव्हता. पण हे कळायला आणखी वर्षाहून अधिक काळ जायचा होता.

कक्कयम हे गाव सह्याद्रीच्याच रांगेत आहे. आपल्याकडे कोयनानगरला असते तशीच तिथेही धरणाची, वीजनिर्मितीची, सरकारी वसाहतीची हवा: डोंगर, धुवाधार पाऊस, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली अवजड यंत्रे. तिथल्या वीज मंडळाच्या इमारतीत पोलिसांनी छावणी थाटली होती. गुन्हे शाखेचे उपमहानिरीक्षक जयराम पडिक्कल तिचे प्रमुख होते. पकडून आणलेल्या माणसाला बाकावर आडवे बांधायचे आणि जड लाकडी ओंडका दाबून त्याच्या मांड्यांवरून फिरवायचा, ही तिथली चौकशीची रीत होती, असे तिथून जिवंत बाहेर आलेल्यांनी पुढे सांगितले. वारियर या छावणीपर्यंत जाऊन पोचले होते. बंदुकधारी पहारा होता. त्यांना आत सोडले नाही. मुलगा ज्या भिंतींच्या आत नेला गेला, त्या भिंती त्यांनी बाहेरून पाहिल्या आणि ते परतले.

मग सुरू झाला तो शोध. मी त्याचा तपशील प्रथम वाचला तो केरळ उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात, आणि आजही मला वाटते की निकालपत्राच्या कोरड्या भाषेत तो जितका अंगावर येतो तितका इतरत्र कुठेच येत नाही. गृहसचिवांना अर्ज, स्मरणपत्रे. राष्ट्रपतींना पत्र, केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र, केरळच्या खासदारांना पत्रे. राज्यातील तिन्ही मध्यवर्ती कारागृहांत आणि ठिकठिकाणच्या पोलीस छावण्यांत चौकशी. गृहमंत्री के. करुणाकरन यांना ते भेटले; राजन गंभीर प्रकरणात अडकला आहे, जमेल ते करतो, असे मंत्री म्हणाल्याचे वारियर यांनी पुढे शपथेवर सांगितले, आणि करुणाकरन यांनी ते शपथेवरच नाकारले. मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्याकडे ते गेले, तर त्यांनी हा विषय गृहमंत्र्यांकडे असल्याचे सांगून हतबलता दाखवली. अच्युत मेनन हे सज्जन, अभ्यासू, स्वच्छ म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ होते. म्हणूनच मला पडिक्कल यांच्यापेक्षा त्यांच्याविषयी अधिक विचार करावासा वाटतो. ओंडका फिरवणारी माणसे थोडी पुरतात. माणूस नाहीसा राहण्यासाठी मात्र पुष्कळ सभ्य माणसे लागतात: अर्ज फाईलला लावून ठेवणारा कारकून, साहेब दौऱ्यावर आहेत असे सांगणारा शिपाई, आपल्या हातात काही नाही असे खऱ्या खेदाने म्हणणारा मुख्यमंत्री. त्यांच्यातला प्रत्येक जण स्वतःपुरता खरेही बोलत असेल. पण त्या साऱ्यांच्या बोलण्याची बेरीज एकच होती की राजन नावाचा मुलगा सरकारने कधी पाहिलेलाच नाही.

वडील मागत तरी काय होते? सुटकेची मागणी नंतरची. पहिली मागणी एवढीच होती की तुम्ही त्याला नेले आहे हे कबूल करा.

आपल्या मराठी घरांतल्या आणीबाणीच्या आठवणी आणि ही गोष्ट शेजारी ठेवली की मला थोडे अवघडल्यासारखे होते. माझे मोठे काका त्या काळात वर्षाहून अधिक काळ यरवड्याला होते. लहानपणापासून मी त्या तुरुंगाच्या गोष्टी ऐकत आलो आहे, आणि त्या बहुतेक हसऱ्या आहेत. कोण कोणत्या बराकीत होते, कोणाच्या घोरण्याने कोणाची झोप उडे, समाजवादी आणि संघवाले एकाच पंक्तीला बसून कसे वाद घालत, भेटीच्या दिवशी काकूने नेलेल्या चकल्यांचा डबा पहारेकऱ्याने उघडून पाहताना कसा हळूच निम्मा केला. काकांची पत्रे यायची, त्यांवर सेन्सॉरने काळे फासलेले असायचे, आणि काळ्याखाली काय असेल यावर घरात पैजा लागायच्या. काकूने सोसले नाही असे मी कसे म्हणेन? पगार थांबला होता, मुले लहान होती, नातेवाईक दारावरून जाताना मान वळवत. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जिचे मोल तिलाही तेव्हा वाटले नसेल. तिच्याजवळ पत्ता होता. नवऱ्याला कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या हुकमाने, कोणत्या तुरुंगात ठेवले आहे हे सरकारने तिला लेखी कळवले होते. पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचे हे तिला ठाऊक होते.

२०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन द्यायचे ठरवले, तेव्हा काकांनी अर्ज केला. मध्ये सरकार बदलले तसे ते मानधन बंद झाले आणि पुढे पुन्हा सुरू झाले. त्यावर घरात झालेल्या चर्चेत मी इथे शिरत नाही. मला आठवतो तो काकांनी समोर धरलेला कागद. स्थानबद्धतेच्या आदेशाची जुनी, कडा तुटलेली प्रत. "बघ, सरकारनं स्वतः लिहून दिलंय," असे ते अभिमानाने म्हणाले होते. राजनच्या वडिलांना असा कागद मिळाला असता तर त्यांनी तो छातीशी धरला असता. मुलाला तुरुंगात टाकल्याचा आदेश हाती यावा म्हणून बापाने झुरावे, अशी वेळ राज्यव्यवस्था एखाद्यावर आणू शकते, हे आमच्या घरातल्या चकल्यांच्या गोष्टींत कुठेच बसत नव्हते.

आणि न्यायालय? ते उघडे होते, पण त्याचा तो एक दरवाजा बंद होता. आणीबाणीत जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच निलंबित झाला आहे, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी ते मानले नव्हते, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केले तर त्यावर काही उपाय असेल का. आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकारची बाजू ग्राह्य धरली गेली. खन्ना एकटे विरुद्ध राहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपदाच्या वेळी त्यांना डावलले गेले. बहुमतात आपले यशवंत विष्णू चंद्रचूड होते. कैद्यांना उपाशी ठेवले जाईल, फटके मारले जातील, गोळ्याही घातल्या जातील अशी भीती वकिलांनी वारंवार व्यक्त केली होती. चंद्रचूड यांनी लिहिले की अशा कृत्यांनी स्वतंत्र भारताचा इतिहास डागाळलेला नाही, आणि असे कधी घडणार नाही अशी हिऱ्यासारखी तेजस्वी, हिऱ्यासारखी कठीण आशा आपल्याला वाटते.

हे वाक्य लिहिले गेले तेव्हा राजनला जाऊन जवळपास दोन महिने झाले होते.

चंद्रचूड यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि मी त्यांना त्यासाठी दोष देत नाही. माझा आक्षेप त्या आशेच्या स्वस्ताईला आहे. ज्याच्या घरचे कोणी गेलेले नाही त्याने सुंदर शब्दांत आशा बाळगायची, आणि त्या आशेच्या आधारावर ज्याच्या घरचे गेले आहे त्याचा अर्ज फेटाळायचा, असा तो व्यवहार होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय पुसून टाकला, आणि ते शब्द लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. त्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मुलाने वडिलांचा निकाल कसा फिरवला याचे मोठे कौतुक झाले, मलाही ते वाचताना बरे वाटले. पण नंतर मनात आले की एका घरातल्या मुलाला वडिलांची चूक दुरुस्त करायला एकेचाळीस वर्षांनी का होईना, संधी मिळाली. दुसऱ्या घरातल्या वडिलांना मुलाचे हाडही मिळाले नव्हते.

आशेची खरी किंमत त्या दुसऱ्या घरात दिसते. वारियर यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत असे येते की राजन केव्हाही उपाशी परत येईल म्हणून रोज रात्री त्याच्यापुरता भात बाजूला ठेवायला ते पत्नीला सांगत आणि दाराला कडी लावू देत नसत. आपल्याकडेही उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवतात. मी स्वतः कितीदा असे थंड झालेले ताट उघडून जेवलो आहे, आणि त्या वेळी त्याविषयी कधी विचार केलेला नाही. तो भात सकाळी कोण उचलत असेल, कोणाला घालत असेल, आणि त्या वेळी दोघांपैकी कोण बोलत असेल, हे मी मनात आणू पाहतो आणि मला ते नीट आणता येत नाही. आईचे मन हळूहळू ढासळले; तिच्यावर मनोरुग्णालयात उपचार करावे लागले. आणि इथे मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत अवघड गोष्ट भेटते. मुलगा गेला आहे हे वडिलांना कळल्यावरही त्यांनी ते आईला बराच काळ सांगितले नाही. ती विचारत राहिली, हे टाळत राहिले. ती त्यांच्यावरच रागावे, कारण तिच्या लेखी मुलाला घरी आणणे हे त्यांचे काम होते आणि ते करत नव्हते.

म्हणजे सरकारने ज्या खोट्याने सुरुवात केली ते खोटे अखेर त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत आले. नवऱ्याने बायकोपासून लपवायचे, बहिणींनी आईसमोर डोळे पुसून जायचे, सगळ्यांनी मिळून एका ताटाभोवती एक नाटक वठवायचे. मृत्यू झालेल्या घरी माणसे निदान एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. दहावा होतो, तेरावा होतो, लोक येतात, पिठले-भात घेऊन येतात, तीच तीच हकिकत सांगून जीभ थकते आणि त्या थकण्यातच थोडे बरे वाटू लागते. नाहीशा झालेल्या माणसाच्या घरी हे काहीच करता येत नाही. कोणी रडले तर ते अशुभ, कोणी हसले तर ती क्रूरता. श्राद्ध घालावे तर आपणच त्याला मारल्यासारखे. राजनच्या आईचा मृत्यू २००० साली झाला. जाण्यापूर्वी तिने साठवलेल्या नाण्यांची एक पुरचुंडी नवऱ्याच्या हाती देऊन ती राजनला द्यायला सांगितली होती, असे त्यांनी लिहिले आहे.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वारियर यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला की माझ्या मुलाला हजर करा. करुणाकरन तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. सरकारची बाजू सरळ होती: राजनला अटक केलीच नव्हती, मग हजर कोठून करणार? न्यायमूर्ती पी. सुब्रमण्यन पोट्टी आणि न्यायमूर्ती व्ही. खालिद यांच्यासमोर प्राचार्य आले, विद्यार्थी आले, छावणीत कोंडले गेलेले लोक आले आणि त्यांनी काय पाहिले ते सांगितले. १३ एप्रिलला निकाल लागला. राजनला पोलिसांनी नेले होते हे न्यायालयाने मान्य केले आणि २१ एप्रिलला त्याला न्यायालयात उभे करण्याचा आदेश दिला. वर्षभर अर्ज घेऊन फिरणाऱ्या एका शिक्षकाचे म्हणणे खरे होते, असे प्रथमच कोणा अधिकाराच्या खुर्चीवरून म्हटले गेले. ठरलेल्या दिवशी अर्थातच कोणी हजर झाले नाही. एप्रिल संपण्यापूर्वी करुणाकरन यांना पद सोडावे लागले. पुढे सरकारी बाजूकडूनच कबुली आली की राजन २ मार्च १९७६ रोजी, म्हणजे नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कक्कयमच्या छावणीत मेला होता. देहाचे काय केले, हे कधी सिद्ध झाले नाही. फौजदारी खटला कोईमतूरला चालला. देहच नसल्याने खून सिद्ध करणे फार अवघड होते. बेकायदा डांबून ठेवण्याबद्दल झालेल्या शिक्षा अपिलात रद्द झाल्या. पडिक्कल यथाक्रम बढत्या घेत राज्याचे पोलीस महासंचालक झाले. वारियर २००६ मध्ये गेले.

हे सगळे लांबचे आणि जुने आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून परभणीच्या एका घराचा उल्लेख करतो. ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता. घाटकोपरच्या बसमधील स्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला मुंबई पोलिसांनी पकडले. जानेवारीत पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्यांनी मात्र त्याला बेदम मारहाण होताना पाहिल्याचे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीआयडीने चौकशी केली, चौदा पोलिसांवर ठपका आला, राज्य सरकारने त्यांतल्या चौघांवरच खटला चालवायला परवानगी दिली, आणि वीस वर्षे उलटली तरी तो खटला रेंगाळतच राहिला. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवील. स्फोटाच्या खटल्यातले त्याचे सहआरोपी मात्र २००५ मध्येच निर्दोष सुटले. त्याची आई आसिया बेगम हिने केरळातल्या त्या हिंदीच्या प्राध्यापकाने केले तेच केले: अर्ज, तारखा, पुन्हा अर्ज. न्यायालयाने तिला नुकसानभरपाई दिली. दफन करण्यासाठी तिला काही मिळाले नाही. आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा झाली ती बहुतेक आरोपी पोलिसांपैकी एकाच्या नंतरच्या कारकिर्दीमुळे, त्या आईमुळे नव्हे, याची मला मराठी वाचक म्हणून लाज वाटते.

सात वर्षे एखाद्याची काहीच वार्ता नसेल तर तो मेला असे गृहीत धरण्याची सोय आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे. बँकेतल्या त्या बाईंनाही कोणीतरी वकील हीच वाट दाखवील. साधारण बेपत्ता माणसासाठी ही सोय दयाळूच म्हणायला हवी. पण राज्याने नाहीशा केलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी तिचा अर्थ वेगळाच होतो. ज्यांनी नेले त्यांनी काहीच कबूल करायचे नाही, आणि आईने किंवा पत्नीने मात्र स्वतः न्यायालयात उभे राहून, स्वतःच्या सहीने, तो मेला आहे असे लिहून द्यायचे. काश्मीरमध्ये नवरा नाहीसा झालेल्या ज्या बायकांना अर्ध-विधवा म्हणतात त्यांनी वर्षानुवर्षे ही सही नाकारली आहे, जमीन अडकली, मुलांची मदत अडकली, तरी. परवीना आहंगर यांचा मुलगा १९९० मध्ये नेला गेला; त्यांनी अशाच आईबापांना एकत्र करून संघटना बांधली, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला त्या साऱ्या जणी श्रीनगरच्या बागेत मुलांचे फोटो घेऊन बसत. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये यावर एक मार्ग काढला. तिथल्या कायद्यात एक तिसराच रकाना आहे: बळजबरीने नाहीसा केल्यामुळे गैरहजर. त्या दाखल्यावर वारसाची, मालमत्तेची, लग्नाची कामे होतात, पण कोणालाही आपल्या माणसाला मृत घोषित करावे लागत नाही. इतका साधा रकाना छापायला इतकी वर्षे लागावीत, याचे मला नवल वाटते. भारताने याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ मध्ये सही केली आणि तो अजून कायम केलेला नाही. नव्या न्याय संहितेतही या गुन्ह्याला स्वतंत्र कलम नाही.

माझा भाचा जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. दिवाळीत घरी आला असताना मी त्याला हे सगळे सांगत होतो, आणि तो, अशी मुले ऐकतात तसे, एक डोळा फोनवर ठेवून ऐकत होता. मी म्हणालो की आता तरी सुधारणा झाली असेल. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयी नियम घालून दिले, अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचे, आणि पुढे हे कायद्यातही आले. त्याने फोन बाजूला ठेवला.

"मामा, कागद असतो. सही असते. भांडण वेळेवरून होतं. सोमवारी संध्याकाळी उचलतात आणि बुधवारी सकाळी अटक दाखवतात."

"मग मधला मंगळवार?"

"मंगळवारी तो कुठेच नसतो."

राजनला नेले तो १ मार्च हा सोमवार होता, आणि तो मेला तो मंगळवार. हे मी भाच्याला सांगितले नाही, कारण त्याने योगायोगाने घेतलेल्या वारांना मी उगाच अर्थ चिकटवतो आहे असे तो म्हणाला असता, आणि ते खरेही होते. मी एवढेच विचारले की अशा वेळी घरच्यांनी नेमके काय करावे. त्याने शाळेत धडा म्हणावा तशा सुरात सांगितले, पण त्या सुरात थट्टा नव्हती. पोलीस ठाण्यात जायचे, उत्तर मिळाले नाही तरी जायचे, आणि एकट्याने जायचे नाही. कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, गाडीचा क्रमांक काय, हे त्याच दिवशी लिहून काढायचे. अधीक्षकांना आणि जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना लगेच ई-मेल किंवा तार—तार आता नाही, हे त्याच्या लक्षात आले आणि तो स्वतःशीच हसला—तर ई-मेल आणि नोंदणीकृत टपाल दोन्ही पाठवायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आहेत, तर त्या दोन दिवसांचे चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायचा, कारण नंतर ते पुसले गेले असे उत्तर येते. मग तो उठून बाहेर गेला, कारण त्याचा फोन वाजत होता, आणि अंगणातून त्याचा आवाज ऐकू येत राहिला: "आधी वेळ लिहा ताई. तो काय करत होता, का नेलं, ते नंतर. नेलं किती वाजता आणि तेव्हा तिथे कोण कोण होतं, ते आधी लिहा."